बदलाच्या वळणावर देवाचे मार्गदर्शन: प्रार्थनेपासून पहिल्या पावलापर्यंत

नोकरी सोडावी का, दुसऱ्या शहरात जावे का, हे लग्न ठरवावे का, पूर्णवेळ सेवेत उतरावे का, मंडळीतली जबाबदारी आता खाली ठेवावी का? असा प्रश्न समोर आला की विश्वासी माणूस "प्रभूची इच्छा काय?" असे विचारतो आणि बरेचदा तिथेच अडकून बसतो. काही जण चिन्हाची वाट पाहण्यात वर्षे घालवतात. काही जण मनात सगळे ठरवूनच प्रार्थनेला बसतात. अर्ज भरून तयार असतो, देवाची फक्त सही हवी असते. खाली दिलेली पद्धत शास्त्राला धरून आहे. तिला साधारण चार ते आठ आठवडे, एक वही आणि विश्वासातली तीन ते पाच प्रौढ माणसे लागतात. तिच्यातला सर्वात अवघड भाग म्हणजे 'नाही' ऐकण्याची तयारी, आणि लोक नेमका तोच गाळतात.

आधी बदल कोणत्या जातीचा आहे ते पाहा

सगळ्या बदलांना एकच प्रश्न लागू होत नाही. काही बदल देवाने वचनात आधीच सांगितलेले असतात: क्षमा करणे, लबाडीचा व्यवहार थांबवणे, भावाशी समेट करणे, व्यसन सोडणे. यांच्यासाठी "प्रभूची इच्छा शोधतोय" असे म्हणणे म्हणजे चालढकल. इथे मार्गदर्शन नको, आज्ञापालन हवे. 'कधी' आणि 'कसे' एवढेच ठरवायचे असते.

दुसरे बदल लादलेले असतात. नोकरी गेली, आजार आला, जोडीदार गेला, घर सोडावे लागले. इथे "जावे की राहावे" हा प्रश्नच उरत नाही. यिर्मयाच्या २९व्या अध्यायातले पत्र अशाच लोकांना लिहिलेले आहे. त्यांना बाबेलला धरून नेले होते आणि लवकरच परत जाऊ असे सांगणारे संदेष्टे त्यांना भेटत होते. देवाचा निरोप उलटा होता: घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, सत्तर वर्षे लागतील. लादलेल्या बदलात मार्गदर्शन मागायचे ते "इथे विश्वासूपणे कसे जगू?" या प्रश्नावर.

निवडीचे बदल ही तिसरी जात. पुढची बहुतेक पद्धत यांच्यासाठी आहे.

एक अपवाद आधीच सांगायला हवा. घरात मारहाण होत असेल, मुलांना धोका असेल किंवा कुणाच्या जिवाला भीती असेल, तर आठ आठवडे प्रार्थना करत थांबायचे नसते. आधी सुरक्षित जागी जायचे, पोलीस, डॉक्टर किंवा भरवशाच्या माणसांची मदत घ्यायची. बाकीचे प्रश्न नंतर. राजा शौल मारायला उठला तेव्हा दावीद खिडकीतून उतरून पळाला. त्या रात्री त्याने कौल घेतल्याचे कुठे लिहिलेले नाही.

मन 'नाही' ऐकायला तयार आहे का?

यिर्मया ४२ आणि ४३ हे अध्याय या विषयावर वाचलेच पाहिजेत. यरुशलेम पडल्यावर उरलेले लोक यिर्मयाकडे आले आणि म्हणाले, आमच्यासाठी देवाला विचार. बरे असो की वाईट, तो सांगेल ते आम्ही करू. दहा दिवसांनी उत्तर आले: याच देशात राहा, मिसरात जाऊ नका. त्यावर लोकांनी यिर्मयालाच खोटा ठरवले आणि ते मिसरात गेले. मुळात त्यांनी विचारले तेव्हाच त्यांचा तळ मिसरच्या वाटेवर होता (४१:१७). त्यांच्या प्रार्थनेच्या शब्दांत काहीच खोट नव्हती, पण निर्णय आधीच झालेला होता.

ब्रिस्टॉलमध्ये अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्यूलर (१८०५–१८९८) देवाची इच्छा शोधण्याची आपली रीत सांगत, तेव्हा तिची पहिली पायरी हीच असे: त्या बाबतीत मनाचा स्वतःचा हट्ट उरू नये, इथपर्यंत आधी पोहोचायचे. अडचणींपैकी बहुतेक अडचणी इथेच सुटतात, असा त्यांचा अनुभव होता.

हे प्रत्यक्षात करायचे असे. वहीची दोन पाने घ्या. एका पानावर लिहा, "प्रभू हो म्हणाला तर मला काय सोडावे लागेल?" दुसऱ्यावर लिहा, "प्रभू नाही म्हणाला तर मला काय सोडावे लागेल?" दोन्ही उत्तरे नावानिशी हवीत: पगार, प्रतिष्ठा, आईवडिलांची शाबासकी, एखाद्या माणसाबद्दलचा राग, सुटकेची आशा. मग पहिला आठवडा 'हो' धरून प्रार्थना करा आणि दुसरा आठवडा 'नाही' धरून. रोज दोन-तीन ओळींत मनात काय उठते ते टिपा. दुसऱ्या आठवड्यात प्रार्थना टाळावीशी वाटू लागली, तर तुमचा हट्ट कुठे आहे ते कळले. तो लपवू नका. "प्रभू, मला हे हवेच आहे आणि तू नाही म्हणालास तर मला राग येईल" ही प्रार्थना खरी असते. गेथशेमाने बागेत येशूनेही आपली इच्छा आधी उघड बोलून दाखवली, नंतर पित्यावर सोपवली.

हट्टाची आणखी एक खूण आहे. तुम्ही हा विषय कुणाकुणाजवळ काढलात त्यांची यादी करा. सगळी नावे 'हो' म्हणणाऱ्यांचीच निघाली, तर आपण काय करत होतो हे सांगायची गरज नाही.

मन खचलेले असताना मोठा बदल ठरवू नका. लोयोलाच्या इग्नेशियसने सोळाव्या शतकात हा नियम सांगितला: आत्मिक कोरडेपणाच्या काळात आधी उजेडात घेतलेला निर्णय बदलू नये, त्याला धरून राहावे. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया झाडाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देव त्याला लगेच नवी कामगिरी देत नाही. तो झोपतो, उठून खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा खातो, मग चाळीस दिवस चालतो. होरेब डोंगरावरचा देवाशी संवाद त्यानंतरचा. त्यामुळे दोन आठवडे पुरेशी झोप नसेल, नुकतेच कुणी गेले असेल, मंडळीत भांडण होऊन तीनच दिवस झाले असतील, तर वही बंद ठेवा. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांना भेटा. हे अविश्वासाचे लक्षण नाही.

प्रश्न एका वाक्यात लिहा

"प्रभू, माझ्या जीवनाविषयी तुझी काय योजना आहे?" या प्रश्नावर सहा महिने प्रार्थना करूनही हाती काही लागत नाही, कारण 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर त्याला देताच येत नाही. त्याऐवजी: "शिकवण्याची सध्याची नोकरी या शैक्षणिक वर्षाच्या शेवटी सोडून मी सेवेच्या प्रशिक्षणाला जावे का?" यात काय, कधी आणि कशाच्या बदल्यात हे तिन्ही आले. वाक्याखाली उत्तर कधीपर्यंत हवे ती तारीख लिहा. बाहेरून आलेली मुदत आणि स्वतःच घालून घेतलेली मुदत वेगवेगळी नोंदवा. पुष्कळ घाई दुसऱ्या प्रकारची असते.

प्रश्न फार मोठा असेल तर फोडा. अब्राम हारानातून निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता आणि देवाने त्याला देशाचे नाव सांगितले नव्हते, "मी दाखवीन त्या देशात" एवढेच सांगितले होते. पुढच्या पायरीपुरता उजेड मिळणे हीच देवाची नेहमीची रीत दिसते, म्हणून विचारायचेही पुढच्या पायरीपुरतेच.

वचन वाचा, पण कौल लावू नका

डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठी धरायचे, ही सवय सोडा. त्यात देवापेक्षा बोटावर भरवसा जास्त असतो. संदर्भ तोडून वचन 'मिळवणे' हाही त्याच जातीचा प्रकार. बदलाच्या प्रसंगी सर्वात जास्त उद्धृत होणारे वचन म्हणजे यिर्मया २९:११. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असे देव तिथे म्हणतो. ते वचन खरे आहे, पण त्याच्या आधीच्या ओळीत सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. ते पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना परतीचा प्रवास स्वतः पाहायला मिळणार नव्हता. पुढच्या महिन्यात बढती मिळेल याची हमी म्हणून ते वापरता येत नाही.

रोज अर्धा तास ठरवा. पंधरा मिनिटे वाचन, दहा मिनिटे प्रार्थना, पाच मिनिटे लेखन. चार आठवडे एकेक पुस्तक सलग घ्या: पहिल्या आठवड्यात फिलिप्पैकरांस पत्र, दुसऱ्यात याकोबाचे पत्र, तिसऱ्यात नहेम्याचे पहिले सहा अध्याय, चौथ्यात प्रेषितांची कृत्ये १० ते १६. वाचताना तीनच प्रश्न विचारा. माझ्या बेतातले काही देवाच्या आज्ञेविरुद्ध जाते का? मी हे ज्या हेतूने करू पाहतोय त्या हेतूबद्दल इथे काही म्हटले आहे का? आणि हे केले तर कोणत्या रीतीने करावे? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे सर्वात जास्त मिळतात. कोणती नोकरी घ्यावी ते वचन क्वचितच सांगते. कोणत्याही नोकरीत खोटे बोलू नये, मजुराचे वेतन अडवू नये, कुटुंबाची काळजी टाकू नये, हे मात्र ते स्पष्ट सांगते. एवढ्याने कधी कधी दोनपैकी एक पर्याय आपोआप गळतो.

गिदोनाच्या लोकरीबद्दलही इथेच बोलू. "अमुक झाले तर मी हो समजेन" अशी अट घालताना लोक गिदोनाचा दाखला देतात: त्याने रात्री लोकर ठेवून फक्त तिच्यावर दव पडावे, आणि दुसऱ्यांदा फक्त भोवतालच्या जमिनीवर पडावे, अशी खूण देवाकडे मागितली होती. पण शास्ते ६ नीट वाचा. गिदोनाला काय करायचे ते आधीच सांगून झाले होते, आणि "तू म्हटल्याप्रमाणे" असे तो स्वतःच बोलतो. एवढे झाल्यावरही दुसऱ्यांदा लोकर ठेवताना तो देवाने रागावू नये म्हणून विनवतो. ती त्याच्या भित्रेपणाला देवाने दाखवलेली सहनशीलता होती. मार्ग ओळखण्याचा नियम म्हणून ती कुठेच सांगितलेली नाही.

सल्ला कुणाचा, आणि कसा विचारायचा

तीन ते पाच माणसे पुरेत. एक तुमच्या मंडळीचे पाळक किंवा वडील. एक जण ज्या क्षेत्रात बदल आहे ते क्षेत्र जाणणारा. एक जण तुमच्या चुका तोंडावर सांगणारा. विवाहित असाल तर जोडीदार या यादीत येत नाही, कारण तो सल्लागार नाही, निर्णयातला भागीदार आहे. जोडीदार तयार नसताना "प्रभूने मला सांगितले" म्हणून पुढे जाणे घरांना फार महाग पडते. देवाला दोघांशीही बोलता येते.

प्रत्येकाला वेगवेगळे भेटा, तासभर वेळ मागा. आधी वस्तुस्थिती मांडा: प्रश्नाचे वाक्य, तारीख, आकडे, कुटुंबाची स्थिती. तुमचा कल शेवटी सांगा, किंवा सांगूच नका. मग विचारा, "यात काय कमी दिसते म्हणून तुम्हांला काळजी वाटते?" आणि "माझ्या स्वभावातली कोणती गोष्ट इथे आडवी येईल?" "तुम्हांला काय वाटते?" असे विचारलेत तर सौजन्याचे उत्तर मिळेल.

आणि "देवाने मला सांगितले आहे" हे वाक्य सुरुवातीला वापरू नका. ते उच्चारले की समोरचा गप्प बसतो. देवाच्या विरुद्ध कोण बोलणार? पेत्राला दर्शन तीनदा झाले होते, तरी कर्नेल्य या परराष्ट्रीय रोमी अधिकाऱ्याच्या घरी जाताना त्याने सहा बंधूंना बरोबर नेले, आणि यरुशलेमात प्रश्न उठला तेव्हा "मला दर्शन झाले, विषय संपला" असे न म्हणता घडलेले क्रमाने सांगितले. प्रेषिताने एवढा हिशेब दिला, तर आपणही द्यावा. "मला असे वाटते की प्रभू या दिशेने नेत आहे, तुम्ही पारखून सांगा" असे म्हटले की पारखायला जागा राहते.

उलट बाजूही सांभाळा. कुणी येऊन म्हणाले, "देवाने मला तुझ्याविषयी दाखवले, तू अमक्याशी लग्न कर", किंवा "एवढी रक्कम अमुक सेवेला दे", तर लगेच हो म्हणू नका. आत्म्यांची परीक्षा करा असे १ योहान ४:१ सांगते. सांगणाऱ्याचा स्वतःचा फायदा आहे का? तो घाई करतोय का? "कुणाला सांगू नकोस" म्हणतोय का? यांपैकी एकाचेही उत्तर 'हो' आले तर तिथेच थांबा आणि वडिलांना सांगा. ज्या संदेशाची पारख करण्याला बंदी आहे तो संदेश धोक्याचा.

सल्ला म्हणजे मतदान नव्हे, हेही खरे. यरुशलेमला जाऊ नकोस म्हणून सोबत्यांनी पौलाला रडून विनवले (प्रेषित २१), आणि पुढे बंधने आहेत हे त्यांचे म्हणणे बरोबरही होते. तरी तो गेला. शेवटी ते "प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणून गप्प राहिले. पण हा दाखला बहुसंख्यांचा सल्ला धुडकावणाऱ्यांना फार आवडतो, म्हणून एक फरक लक्षात ठेवा: पौल दुःखाकडे निघाला होता. सल्ला मोडून आपण सोयीकडे निघालो असू, तर पौल आपल्या बाजूने नाही.

उघडी दारे आणि मनाची शांती

परिस्थितीतूनही देव बोलतो, पण तिचा अर्थ लावताना सर्वात जास्त फसगत होते. योना याफोला उतरला तेव्हा तार्शीशचे जहाज तयार होते, भाड्याचे पैसे खिशात होते, जागाही मिळाली. सगळे जुळून आले, आणि तो देवापासूनच पळत होता. त्रोवसात पौलासाठी प्रभूमध्ये दार उघडले होते, तरी सहकारी तीत न भेटल्याने त्याच्या जिवाला चैन पडले नाही आणि तो मासेदोनियाला गेला (२ करिंथ २:१२-१३). इफिसात मात्र मोठे दार उघडलेले होते आणि विरोधकही पुष्कळ होते, तरी तो थांबला. तेव्हा दार उघडे असणे ही परवानगी असू शकते, आज्ञा असेलच असे नाही. अडथळा आला म्हणजे देवाने नकार दिला असेही नाही.

"मनाला शांती वाटते" ही कसोटीही एकटी पुरत नाही. वादळात योना तळाशी गाढ झोपला होता. गेथशेमानेत प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, आणि तो पूर्ण आज्ञापालनात होता. निर्णय टळल्याचा सुटकारा पुष्कळदा शांतीसारखाच वाटतो. म्हणून शांतीची नोंद एका दिवसाची धरू नका. तीन आठवडे, वेगवेगळ्या वेळी, बरे-वाईट दिवस धरून वहीत काय दिसते ते पाहा. भीती आहे पण ओढ टिकून आहे, तर पुढे पाहा. उत्साह आहे पण फक्त रात्री उशिरा किंवा कुणाचे भाषण ऐकल्यावर, तर थांबा.

हिशेब मांडा

बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेत नाही काय, असे प्रभूने स्वतः विचारले आहे (लूक १४:२८). तरी "विश्वासाने पाऊल टाकतोय" म्हणत हिशेब टाळणारे पुष्कळ. नहेम्या पाहा. तो पारसाच्या राजाच्या चाकरीत होता. किस्लेव महिन्यात यरुशलेमचा तट पडल्याची वाईट बातमी आली, नीसान महिन्यात राजाने विचारले. मध्ये सुमारे चार महिने तो उपास आणि प्रार्थना करत होता. राजाने "तुझी मागणी काय?" म्हटल्यावर त्याने तिथल्या तिथे प्रार्थना केली आणि लगेच किती काळ लागेल ते सांगितले, वाटेतल्या अधिकाऱ्यांसाठी पत्रे मागितली, लाकडासाठी वनरक्षकाच्या नावाने आज्ञा मागितली. यादी तयार होती. यरुशलेमला पोहोचल्यावर तो तीन दिवस गप्प राहिला, रात्री मोजक्या माणसांसह तटाची पाहणी केली आणि मगच लोकांशी बोलला. तट बावन्न दिवसांत उभा राहिला त्यामागे हे महिने आहेत.

तुमच्या कागदावर निदान एवढे हवे: पहिल्या सहा महिन्यांचा घरखर्च, तोपर्यंत उत्पन्न शून्य राहिले तर पैसे कुठून येतील, डोक्यावरचे कर्ज आणि त्याचे हप्ते, आजारपणाची तरतूद, मुलांचे शिक्षण, वृद्ध आईवडिलांकडे कोण पाहील, नवे काम आठवड्याचे किती तास घेईल आणि ते तास आज कशात जातात. तीन महिन्यांचाही खर्च हातात नसेल, तर उत्तर बहुधा 'नाही' नसून 'अजून नाही' असते. मग बदलाची पहिली पायरी कर्ज फेडणे ही असू शकते. आकड्यांत न बसणाऱ्या गोष्टी देव करतो. पण आकडे माहीत असून विश्वास ठेवणे आणि आकड्यांकडे पाहायची भीती वाटणे यांत फार फरक आहे.

निर्णय घ्या

ठरलेल्या तारखेच्या आधी एक दिवस मोकळा काढा. शक्य असेल आणि तब्येत परवानगी देत असेल तर उपास करा. मधुमेह असेल, गरोदर असाल किंवा औषधे सुरू असतील तर जेवण सोडू नका, त्याऐवजी मोबाईल बंद ठेवा. वही पहिल्या पानापासून वाचा. वचन, सल्ला, परिस्थिती, आकडे, मनाचा कल: यांपैकी किती एका दिशेला आहेत? वचन आडवे येत असेल तर बाकीचे चार जमेला धरू नका. वचन मोकळे सोडत असेल आणि उरलेल्यांपैकी तीन जुळत असतील, तर निर्णय घ्यायला एवढे पुरे. प्रेषित १६ मध्ये आसिया आणि बिथुनियाचे रस्ते बंद झाले, मग पौलाला रात्री दर्शन झाले, आणि त्यावरून सगळ्यांनी मिळून अनुमान काढले की देव मासेदोनियात बोलावतो आहे. दर्शनानंतरही विचार करावा लागलाच.

दोन्ही पर्याय चांगले आणि दोन्ही वचनाला धरून असतील, तर एक निवडा आणि पुढे व्हा. दोन चांगल्यांपैकी 'चुकीचे' निवडले तर आयुष्य वाया जाईल ही भीती शास्त्रातून आलेली नाही.

उत्तर स्पष्ट नसेल तर मुदत एकदाच वाढवा, चार आठवड्यांनी. तरीही धूसरच राहिले तर आहात तिथेच राहा. गणना ९ मध्ये निवासमंडपावरचा (इस्राएलाच्या उपासनेच्या तंबूवरचा) ढग कधी एक रात्र, कधी दोन दिवस, कधी महिनाभर, कधी वर्षभर थांबत असे, आणि तो हलेपर्यंत तळ हलत नसे. वाट पाहणे कंटाळवाणे असते, पण घाईची किंमत त्याहून जास्त. देवाने वचन दिलेल्या मुलाची वाट न पाहता दासी हागारेपासून मूल मिळवले, तो इश्माएल झाला तेव्हा अब्राम शहाऐंशी वर्षांचा होता. इसहाक झाला तेव्हा तो शंभरीला पोहोचला होता. मधली चौदा वर्षे आणि त्यानंतरचे घरातले दुःख त्या एका 'शक्कल लढवण्या'तून आले.

पहिले पाऊल शक्यतो परत घेता येण्याजोगे ठेवा. सेवेत जायचे आहे? नोकरीत असतानाच वर्षभर शनिवार-रविवारचे काम करून पाहा. शहर बदलायचे आहे? एकट्याने महिनाभर राहून पाहा, रविवारी तिथल्या मंडळीत जा. काही पावले मात्र अर्धी टाकता येत नाहीत. इस्राएल लोक वचनदत्त देशात शिरताना यार्देन नदी दुथडी भरून वाहत होती आणि याजकांचे पाय पाण्यात बुडाल्यावरच प्रवाह थांबला. तुमचे पाऊल कोणत्या जातीचे आहे ते आधी ओळखा.

आणि गेल्या वेळची रीत डोळे झाकून पुन्हा वापरू नका. रेफाईम खोऱ्यात पलिष्टी आले तेव्हा दावीदाला 'जा' असे उत्तर मिळाले आणि तो जिंकला. तेच शत्रू त्याच खोऱ्यात पुन्हा आले. त्याने पुन्हा विचारले, आणि या वेळी उत्तर होते: समोरून जाऊ नकोस, वळसा घाल, झाडांच्या शेंड्यांत चालल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत थांब.

जुने नीट सोडा

आधी ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना सांगा, मग बाकीच्यांना. वरिष्ठांना ही बातमी दुसऱ्याकडून कळू नये. नियमाप्रमाणे पूर्वसूचना द्या. जबाबदारी लेखी सोपवा: किल्ल्या, हिशेब, कागदपत्रे, अर्धवट कामे, कुणाला काय शब्द दिला होता. मंडळी सोडत असाल तर पाळकांना समोरासमोर भेटा आणि तक्रारी असतील तर तिथेच बोला. निरोपाच्या प्रार्थनेत टोमणे नकोत. जुन्या ठिकाणच्या चार लोकांना "तुम्हीही चला" म्हणून मागे ओढणे तर नकोच.

मग येतो तो काळ, ज्याबद्दल साक्षीच्या सभांत फारसे बोलले जात नाही. देवाने नेलेल्या बदलातही दुःख होते. इस्राएल लोक सुटले आणि थोड्याच काळात त्यांना मिसरातले मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण आठवू लागले. वेठबिगारी मात्र आठवली नाही. पहिले तीन महिने तुमचेही मन जुन्या जागेतले फक्त गोड तेवढे आठवेल. म्हणून निघण्यापूर्वीच वहीत एक पान लिहून ठेवा: आपण का निघालो, काय काय विचारात घेतले, कोणी काय म्हटले. तिसऱ्या आठवड्यात ते उपयोगी पडते. हरवलेल्या गोष्टींसाठी रडायची लाज बाळगू नका. विलापाची स्तोत्रे त्याचसाठी आहेत, १३वे आणि ४२वे स्तोत्र मोठ्याने वाचा. रोजची अर्ध्या तासाची वेळ, झोपेची वेळ आणि कुटुंबोपासना या तीन गोष्टी नव्या जागी पहिल्या दिवसापासून तशाच ठेवा. बाकी सगळे बदलत असताना मुलांना एवढी खुंटी लागते. मुले तुमच्या वेगाने बदल स्वीकारतील अशी अपेक्षा ठेवू नका, आणि "देवाने नेले आहे" असे म्हणून त्यांची रड बंद करू नका.

पुढे बिघडले तर

मासेदोनियात बोलावणे स्पष्ट होते, तरी फिलिप्पैत पौल आणि सीला यांना फटके बसले आणि पाय खोड्यात अडकले. पहिल्या वर्षातला त्रास हा निर्णय चुकल्याचा पुरावा नसतो. म्हणून तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्याच्या अखेरीला आढाव्याची तारीख आधीच ठरवा आणि मधल्या वाईट दिवशी निकाल देऊ नका. आढाव्याला त्याच सल्लागारांपैकी निदान दोघे हवेत. पाहायचे ते हे: ज्या कारणासाठी निघालो ते अजून खरे आहे का? घरातले लोक देवापासून दूर जात आहेत का? कर्ज वाढते आहे का? आपल्याला काही लपवावे लागते आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तर बाराव्या महिन्याची वाट पाहू नका.

चूकच झाली असे दिसले आणि परत फिरता येत असेल, तर परत फिरा, आणि "प्रभूनेच परत बोलावले" असा मुलामा न देता "माझा अंदाज चुकला" असे म्हणा. पौलाच्या प्रवासातला सोबती मार्क पंफुल्यातून अर्ध्यावर परतला होता, त्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात फूट पडली. पण पुढे तुरुंगातून पौलाने त्यालाच आणायला सांगितले, सेवेसाठी तो उपयोगी आहे म्हणून.

परत फिरता येत नसेल, म्हणजे लग्न झाले आहे, करार झाला आहे, मूल दत्तक घेतले आहे, तर यहोशवाचा नववा आणि दहावा अध्याय एकत्र वाचा. जवळच राहणाऱ्या गिबोनी लोकांनी बुरसटलेल्या भाकरी आणि फाटकी पादत्राणे दाखवून दूर देशातून आल्याचे सोंग घेतले आणि इस्राएलाशी तह करवून घेतला. इस्राएलाने परमेश्वराला विचारले नव्हते, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. तीन दिवसांनी लबाडी उघडी पडली. लोक कुरकुरले, पण सरदारांनी शपथ मोडली नाही. पुढच्याच अध्यायात पाच राजे त्या गिबोन्यांवर चालून आले, तेव्हा न विचारता केलेल्या त्या तहापायी यहोशवा गिलगालाहून रात्रभर चालत त्यांच्या मदतीला गेला. वाटेत देवाने त्याला सांगितले, "भिऊ नकोस." लढाई जिंकली गेली, आणि त्या दिवशी आकाशातून पडलेल्या गारांनी तलवारीपेक्षा जास्त शत्रू मेले.